स्कोप घ्यायचा तर अक्कांना विचारून

ऑसिलोस्कोप कोणता घेऊ, असं विचारलं की अक्का उत्तर द्यायच्या नाहीत. टेबलावरची शिसपेन्सिल आणि एक पाठकोरा कागद पुढे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "काय दिसंल ते आधी काढ." स्कोप म्हणजे विजेचा दाब क्षणाक्षणाला कसा वरखाली होतो, ते पडद्यावर रेघेने दाखवणारं यंत्र. ती रेघ कशी येणार, हे घेणाऱ्याला आधी ठाऊक पाहिजे, असा त्यांचा आग्रह. बरेच जण पेन्सिल धरून बसायचे आणि चहा पिऊन निघून जायचे. अशा कितीतरी जणांचे पैसे त्यांनी वाचवले असतील. त्या लोकांनाही तसंच वाटलं असेल, असं मात्र नाही.

अक्का सिडकोत दोन खोल्यांत एकट्या राहत. मूळ गाव कन्नडच्या पुढे, घाटाच्या अंगाला. घरी मेंढरं. दहावीनंतर त्यांनी आयटीआयला रेडिओ-टीव्हीचा ट्रेड घेतला, तेव्हा वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. पुढे शहरातल्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये सहायक म्हणून लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. स्कोपसमोर त्या कधी बसल्या नाहीत. लॅबमध्ये खुर्ची सरांची, स्टूल मुलांचं, त्या आपल्या भिंतीशी उभ्या. घरी खुर्ची रिकामी असायची, तरी त्या उभ्या राहूनच बटणं फिरवायच्या आणि खुर्चीवर आलेल्याला बसवायच्या.

मी वाळूजच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. राहायला शेंद्र्यात. सुट्टीच्या दिवशी जुने रेडिओ उघडणं, छोटे सर्किट बोर्ड बनवणं हा माझा छंद, आणि इतकी वर्षं तो साध्या मीटरवर चालला होता. मग वडिलांना अर्धांगवायू झाला. बोलणं गेलं, उजवा हात गेला, डाव्या हाताची दोन बोटं तेवढी चालायची. बाजारातल्या घंटीचं बटण त्यांच्याच्यानं दाबलं जायचं नाही. म्हणून मी एक घंटी बनवली. पलंगाला लावलेल्या पत्र्याच्या पट्टीला बोट टेकलं की स्वयंपाकघरात घणघणायची. आईला मोठा आधार झाला.

पण ती कधीकधी वाजायचीच नाही. दहादा वाजायची आणि अकराव्यांदा गप्प. मी मीटर लावून बघायचो, तर पाच व्होल्ट जसेच्या तसे. एका दुपारी वडील बराच वेळ पट्टीवर बोट टेकवत राहिले. कुणी येईना, तेव्हा स्वतःच उठायला गेले आणि पडले. आईला ते जमिनीवर सापडले. कपाळाला चार टाके पडले. मी कामावरून आलो तेव्हा आई रागावली नाही. एवढंच म्हणाली, "ती घंटी काढून टाक आता."

दुसऱ्या दिवशी मी गुलमंडीच्या मागच्या गल्लीत गेलो. तिथं सुटे भाग विकणाऱ्या रफिकभाईंचं दुकान आहे. स्कोप मागितला तर त्यांनी कपाटाकडे हातही नेला नाही. "अक्का को पूछे क्या?" कोण अक्का, मी विचारलं. त्यांनी एका बिलाच्या मागे पत्ता लिहून दिला. "पैले उनको पूछके आओ. नै तो आठ दिन में वापस लेके आते लोगां, मेरेकू वो झंझट नक्को."

तर असा मी अक्कांच्या खुर्चीवर जाऊन बसलो. नऊवारी साडी, केसांचा घट्ट अंबाडा, चष्म्याच्या दोरीला अडकवलेला बारीक पेचकस. त्यांनी कागद सरकवला. मी पाच व्होल्टवर एक सरळ रेघ ओढली.

"सरळ रेघ बघायला स्कोप कामून पाहिजे?" त्या म्हणाल्या. "मीटर पुरंल की."

मग मी वडिलांचं सांगितलं. पट्टी, घंटी, टाके, आई काय म्हणाली ते. अक्कांनी मध्ये एकदाही काही विचारलं नाही. सांगून झाल्यावर कागद स्वतःकडे ओढला आणि माझ्या सरळ रेघेत मधेच एक खोल खड्डा काढला, सुईच्या टोकाएवढा. "मीटर लई हळू असतं. ते कितीये ते सांगतं, मधल्या मधी काय झालं ते नाय सांगत. हे असं होत असंल. उद्या बोर्ड घेऊन ये."

त्यांच्याकडचा स्कोप जुन्या पद्धतीचा होता, हिरवा ठिपका धावणारा, उचलायला दोन माणसं लागावीत इतका जड. त्याची हकिगत मला नंतर कळली. लॅबमध्ये एका सरांनी एका विद्यार्थ्याला टीव्हीच्या पॉवर सप्लायची मेनची, थेट विजेची, बाजू बघायला सांगितली आणि ते बाहेर गेले. स्कोपच्या तारेला एक चिमटा असतो. तो आतून अर्थिंगला जोडलेला असतो, हे त्या मुलाच्या ध्यानात राहिलं नाही. चिमटा मेनच्या बाजूला लागताच स्फोट झाला. मुलाची दोन बोटं भाजली, स्कोप जळाला. मेमो निघाला तो अक्कांच्या नावे, देखरेख ठेवली नाही म्हणून. त्या वर्षीची बढती गेली, आणि पुढे कधी झालीच नाही. "मी त्याला नको म्हणले होते," अक्का सांगायच्या, "पण ते कागदावर कुठं होतं?" काही वर्षांनी लॅबचं भंगार लिलावात निघालं, तेव्हा त्यांनी तोच मेलेला स्कोप भंगाराच्या भावात उचलला, रिक्षात घालून घरी आणला आणि एक अख्खा हिवाळा खपून जिवंत केला. का, असं मी विचारलं. "माझी बढती ह्यानं खाल्ली. मंग ह्याला असाच सोडते व्हय?"

त्या स्कोपवर आम्ही माझा बोर्ड लावला. घंटी वाजवत राहिलो. ठिपका सरळ धावायचा, आणि मधेच काहीतरी थरथरून जायचं. डोळा पोचेपर्यंत पडदा पुन्हा सरळ. तासभर असं चाललं. मला वाटलं होतं, इतक्या कष्टाने जगवलेल्या यंत्राची त्या बाजू घेतील. त्यांनी त्याचं बटण बंद केलं, त्यावर कापड टाकलं आणि म्हणाल्या, "हा तुझ्या कामाचा नाय. पुन्हा पुन्हा होतं ते हा दाखवतो. तुझं एकदाच होऊन जातंय. ते धरून ठेवणारा पाहिजे, नवा."

मग त्या माझ्यासोबत दुकानात आल्या. रफिकभाईंनी चार चॅनेलचा, एका वेळी चार तारा दाखवणारा झगमगीत स्कोप पुढे केला. "अक्का, पब्लिक यहीच लेके जारी."

"पब्लिकच्या घरी लई तारा असतील. ह्याला दोन पुरं." मोबाईलएवढा, खिशात मावणारा एक स्कोप मला स्वस्तात दिसत होता. तो त्यांनी हातातही घेतला नाही. "खेळायला बराय. तुला खेळायचं नाय ना?" शेवटी दोन चॅनेलचा, पन्नास मेगाहर्ट्झचा साधा स्कोप निघाला. त्याहून वेगवान, शंभरचाही होता, मी त्याच्याकडे बघत होतो. अक्का म्हणाल्या, घंटीला पाचसुद्धा पुष्कळ झाले असते, पण इतक्या खालचा धड मिळत नाही. जो पैसा वाचतोय त्यात चांगले प्रोब, म्हणजे जोडायच्या तारा, घे. तार वाईट असली तर यंत्र कितीही भारी असो, खोटंच दाखवणार.

दुकानातच त्यांनी त्याची परीक्षा घेतली. एकेक बटण एकेक घर फिरवून रेघ तेवढीच सरकते का ते बघितलं. प्रोब स्कोपच्याच तपासणीच्या खुंटीला लावला. पडद्यावर चौकोनी लाट आली, पण तिचे कोपरे गोल. दोरीचा पेचकस काढून त्यांनी प्रोबवरचा बारीकसा स्क्रू हलवला आणि कोपरे काटकोनात आले. "गोल दिसलं की यंत्राला शिव्या देऊ नको. आधी हे बघायचं," त्या मला म्हणाल्या. रफिकभाई हे सगळं हाताची घडी घालून बघत होते. घासाघीस त्यांनीच स्वतःशी केली आणि किंमत उतरवली.

पुढच्या रविवारी अक्का बसने शेंद्र्याला आल्या. आईने चहा टाकला, तर "काम झाल्यावर" म्हणाल्या. वडिलांच्या पलंगाशी उभं राहून त्यांनी आधी मला चिमटा कुठं लावायचा ते विचारलं, आणि मी बरोबर जागा दाखवेपर्यंत स्कोपचा प्लग हातातच ठेवला. मग स्कोपला सांगितलं की रेघ साडेचार व्होल्टच्या खाली गेली की तिथंच थांब. वडिलांना म्हणाल्या, "दादा, लावा बोट."

सातव्या वेळी घंटी वाजली नाही, आणि पडद्यावर चित्र गोठलं. सरळ रेघ, मग एकदम पायरी उतरल्यासारखी खाली, आणि पुन्हा वर. घंटीच्या कॉइलने ओढ घेतली की बोर्डाचा दाब तेवढ्यापुरता कोसळायचा, बोर्ड बंद होऊन परत सुरू व्हायचा, आणि बोट टेकलं होतं हे विसरून जायचा. मी त्या चित्राकडे बघत राहिलो. कपाळावरचे चार टाके त्या खड्ड्यातून आले होते.

दुरुस्ती किरकोळ होती. घंटीला वेगळा सप्लाय दिला, बोर्डापाशी वीज साठवून ठेवणारा एक मोठा कॅपॅसिटर जोडला. घंटी वाजली. आईने पुन्हा चहाचं भांडं हातात घेतलं, तर अक्का म्हणाल्या, "पन्नास येळा वाजू द्या. मंग चहा." वडील पट्टीवर बोट टेकवू लागले. आजारपणात पहिल्यांदाच कुणी त्यांना काही काम सांगितलं होतं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मोठ्याने मोजत होती. तिसाच्या पुढे कुठंतरी तिची मोजणी चुकली, तेव्हा वडिलांनी मान हलवून तिला थांबवलं आणि बोटाने चादरीवर बरोबर आकडा गिरवून दाखवला. ते स्वतः मोजत होते. अक्कांनी चहा घेतला आणि साडेपाचच्या बसने गेल्या.

वडील त्यानंतर दीड वर्ष होते. घंटी शेवटपर्यंत चालली. अक्का अधूनमधून यायच्या, वडिलांशी मेंढरांच्या गोष्टी बोलायच्या. ते डोळ्यांनी उत्तर द्यायचे. पुढे अक्कांचे गुडघे गेले, जिना चढवेना. जुना स्कोप रफिकभाईंच्या दुकानात ठेवून त्या गावी धाकट्या भावाकडे गेल्या. मी दोनदा जाऊन आलो. मग नुसता फोन राहिला, मग तोही सणासुदीला.

एका सकाळी त्यांच्या भाच्याचा फोन आला की अक्का रात्री झोपेतच गेल्या, अकरा वाजता नेणार. मी कारखान्याच्या गेटवर होतो. त्या दिवशी बाहेरून माणसं उत्पादनाची लाइन बघायला येणार होती. निघालो असतो तर वेळेत पोचलो असतो. मी सुट्टी मागितली नाही. साहेब नाही म्हणाले असते असंही नाही. मी मागितलीच नाही.

रविवारी गेलो. ओट्यावर त्यांचे भाऊ बसले होते, पटका बांधलेले, थकलेले. गर्दी ओसरली होती. त्यांनी पाणी दिलं आणि विचारलं, "तुम्ही कालेजातले का?"

"नाही."

"मंग तुमचं अन् आमच्या अक्काचं नातं काय?"

मी सांगायला लागलो. घंटीचं, खड्ड्याचं, रफिकभाई अक्कांना विचारल्याशिवाय गिऱ्हाइकाला स्कोप देत नसत त्याचं. जळालेलं यंत्र त्यांनी एकटीने कसं उभं केलं त्याचं. भाऊ खाली बघून ऐकत होते. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी वर बघितलं.

"आम्हाला वाटायचं, ती तिथं झाडलोट करायची," ते म्हणाले. "बाबा जाईपर्यंत त्यांला बी तेच वाटायचं. तिनं कधी सांगितलं नाय, अन् आम्ही बी कधी इचारलं नाय."

मग ते उठले, दाराशी गेले आणि घरातल्या सगळ्या बायकांना हातातली कामं टाकून बाहेर यायला सांगितलं. त्या येऊन ओट्यावर बसल्या. भाऊ माझ्याकडे वळले.

"आता पुन्हा सांगा," ते म्हणाले. "पहिल्यापासून."