न दिलेला डाग

निजामी अमलाच्या अखेरच्या वर्षांत, चैत्रातल्या एका सकाळी, उमरीत आमच्या समोरच्या घरातल्या सुनेने डागायला आलेल्या माणसाची तापलेली सुई हिसकावून पाण्याच्या रांजणात टाकली. तिची मुलगी अडीच वर्षांची होऊनही एक शब्द बोलत नव्हती. कानामागे डाग दिला की जीभ सुटते, अशी समजूत होती. माणूस सासूने बोलावला होता.

ही सून दिवसभर मुलीशी बोले. भाकरी थापताना विचारी, "पीठ सैल झालं का गं? हाव?" मग हात थांबवून मुलीच्या तोंडाकडे पाही, उत्तर मिळाल्यासारखी मान हलवी आणि पुढे बोलू लागे. गल्ली हसे. मीही हसलो आहे.

त्या सकाळी सासू ओरडली, "पोर मुकी ऱ्हायली तर उद्या पदरात कोण घेईल तिला?"

"आत्याबाई, आधी मला डागा," सून म्हणाली. "मी लई बोलते. बघू, गप होते का."

माणूस निघून गेला. सासूने सुनेशी अबोला धरला. सून मुलीशी बोलत राहिली.

भोगीच्या दिवशी मुलीने पहिला शब्द उच्चारला, "आज्जी." सासू चुलीपुढे होती. तिने ओ दिली.