आडवा हात

तापल्या तुपात हिंग पडल्याचा वास आला, आणि लंडनमधल्या त्या भारतीय उपाहारगृहात, गेल्या वर्षी निवर्तलेली आई माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली. वाढप्याने वरणाची पळी पुढे केली. सवयीने मी ताटावर हात आडवा धरला.

"ठीक है, दीदी," म्हणत तो अदबीने पुढच्या टेबलाकडे वळला.

आमच्या घरी आडव्या हाताला कुणी नकार मानत नसे. आई बोटांच्या फटींतून वरण सोडी आणि मी लटकेच रागवत असे. आता माझा नकार सगळीकडे मुकाट्याने पाळला जाणार.

तरी हात मागे घेववेना. कोरड्या भातावर तो तसाच राहिला. हळूहळू बोटांच्या फटी ऊन होत गेल्या, आणि कानाशी आई म्हणाली,

"घे."