इंजिनाच्या पोटातला आवाज

निवृत्तीनंतर लोक देवळाच्या ट्रस्टवर जातात, नाहीतर बिल्डिंगच्या भानगडीत पडतात. मी आगगाड्या खेळतो. हे लिहितानाही मला ओशाळल्यासारखं होतं. कोणी विचारलंच तर मी ‘इलेक्ट्रॉनिक्सचा थोडा नाद आहे’ असं गुळमुळीत उत्तर देतो. खरी गोष्ट अशी की मी वीतभर लांबीची इंजिनं उघडून त्यांत आवाज बसवतो, आणि ती धडधडत निघाली की टाळ्या पिटायचा बाकी राहतो. रत्नागिरीत हा उद्योग करणारा दुसरा कोणी माझ्या तरी ऐकण्यात नाही.

काम मात्र खेळाचं नाही. डिकोडर म्हणून बोटाच्या पेराएवढी एक चिप असते. रुळांतून आलेला हुकूम ओळखून ती मोटर फिरवते, दिवे लावते आणि तिच्यात भरलेले आवाज काढते. मोटरचा कुठेतरी सांगाड्याला स्पर्श राहिला की चिप जळालीच म्हणून समजा. नखाएवढा स्पीकर नुसता लावला तर तो डासासारखा गुणगुणतो, त्याच्यामागे बंद डबी लागते, आणि डबीचे सगळे सांधे गोंदाने बुजवावे लागतात. हे सगळं जमलं तरी आमची खारी हवा रुळांवर काळपट थर चढवते आणि इंजिन चालता चालता मुकं होतं. म्हणून रूळ सारखे पुसत राहायचे.

रूळ पुसायचं काम बायको करते. तिने या खेळाला कधी नावं ठेवली नाहीत. उलट शेजारणींना हात धरून आणते आणि ‘ह्यांची गाडी बघा’ म्हणून दाखवते. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं, पण तिला त्याचं काही नाही.

ती आंजर्ल्याकडची. बोलताना वाक्याच्या शेवटाला एक हेल काढते, अर्धे शब्द नाकातून येतात. लहानपणी मीही तसाच बोलायचो. कॉलेजला पुण्यात गेलो आणि पहिल्याच आठवड्यात वर्गातली मुलं माझी वाक्यं माझ्याच चालीवर म्हणून दाखवायला लागली. तेव्हा मी माझं बोलणं घासूनपुसून सपाट केलं. बँकेतल्या नोकरीला रत्नागिरीत परत आलो, तरी ते सपाटच ठेवलं. बायको जशी लग्न होऊन आली तशीच बोलत राहिली.

गेल्या वर्षी मी एका डिझेल इंजिनात नवा डिकोडर बसवला. त्यात आपण रेकॉर्ड केलेला आवाजही भरता येतो. स्टेशनवरची घोषणा हवी होती, म्हणून बायकोला म्हटलं, तू बोल.

“मी? हसतील हो लोक मेले,” ती म्हणाली.

“कोण हसतंय?” मी म्हणालो.

मी लिहून दिलेला कागद तिने बाजूला ठेवला आणि फोनसमोर मनानेच बोलली, “गाडी येत्ये होऽ! मागे सरा बघू. पोरांचे हात धरा.” मी ते चिपमध्ये भरलं, टोपण बसवलं, बटण दाबलं. इंजिनाच्या पोटातून तिचा बारीक, लखलखीत आवाज आला. “अगो बाई, मीच की गो ही!” म्हणत तिने ते पुन्हा पुन्हा वाजवायला लावलं. रात्री बहिणीला फोन करून गाडीत आपण बोलतो म्हणून सांगितलं. इतकी खूश मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

मी त्याची चित्रफीत काढून आमच्या गटावर टाकली. मोबाइलवरच्या या गटात पुण्यामुंबईचे असेच गाडीवेडे आहेत. पुण्याच्या एकाने लिहिलं, ‘वहिनी एकदम अस्सल कोकणी!’ आणि पुढे दात दाखवून हसणारा चेहरा. बाकीच्यांनीही तसेच चेहरे टाकले. झालं. पुन्हा त्या वर्गात जाऊन बसलो जणू. दुसऱ्या दिवशी बायको बाजारात गेल्यावर मी तिचा आवाज चिपमधून आणि फोनमधूनही पुसला. पुण्यातल्या भाचीकडून फोनवर एक शुद्ध घोषणा मागवली आणि ती भरली. बायकोला सांगितलं नाही. विचारील तेव्हा बघू म्हटलं.

थंडीचे दिवस होते. त्याच आठवड्यात गटातली काही मंडळी आरे-वाऱ्याच्या किनाऱ्यावर फिरायला आली आणि वाट वाकडी करून आमच्याकडे आली. पुण्याचा तोही त्यांत होता. बायकोने घावने घातली होती, ओल्या नारळाची चटणी केली होती. खाणं झाल्यावर सगळे गाडीच्या टेबलाभोवती जमले. मी इंजिन फिरवून दाखवत होतो, तेवढ्यात ती पदराला हात पुसत आली.

“थांबा हो, माझी घोषणा ऐकवत्ये,” म्हणत तिने बटण दाबलं.

“प्रवाशांनी कृपया फलाटाच्या कडेपासून दूर उभे राहावे,” भाची म्हणाली.

बायकोला वाटलं, भलतंच बटण दाबलं. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा भाची. मग ती हसली. “बाय माझे, मी एवढी शुद्ध कधीपासून बोलायला लागल्ये?” पाहुणेही हसले. मी रुळावरची नसलेली धूळ पुसत होतो.

पुण्याच्या माणसाने विचारलं, “अहो, वहिनींचं रेकॉर्डिंग कुठे गेलं? ते फार छान होतं. माझी बायको तर रोज ऐकते.”

मी म्हणालो, “चिपमध्ये जागा पुरली नाही.”

गाडीवेड्यांसमोर ही थाप चालणार नव्हती. तिचं बोलणं भाचीच्या घोषणेपेक्षा काही मोठं नव्हतं. पाहुण्यांना कळलं होतं, आणि बायकोलाही कळलं. ती ताटं उचलून आत गेली. आणि तरीही मी भोंग्याचे प्रकार वाजवून दाखवत राहिलो.

ती भांडली असती तर सोपं गेलं असतं. ती रूळ पूर्वीसारखेच पुसत राहिली. फक्त शेजारणींना आणणं बंद झालं. शेवटी मीच एका दुपारी म्हटलं, “अगं, तुझा आवाज परत भरू या. पुसला गेलाय माझ्याकडून, पुन्हा एकदा बोल.” तेव्हाही मला ‘पुसला’ म्हणवेना, ‘पुसला गेला’ म्हणालो. चित्रफितीतला आवाज मोटरच्या घरघरीत मिसळलेला होता, तो चिपमध्ये घालण्याजोगा नव्हता.

“बघू,” ती म्हणाली.

त्यानंतर काही दिवस दुपारी ती आतल्या खोलीचं दार लोटून फोनवर बोलायची. बहिणीशी बोलत असेल असं मला वाटलं. मग एक दिवस स्वतःच टेबलाशी आली. म्हणाली, “घ्या, करा सुरू.” मी फोन पुढे धरला. ती ताठ बसली, घसा साफ केला.

“प्रवाशांनी कृपया फलाटाच्या कडेपासून दूर उभे राहावे.”

हेल नाही, नाकातला एक सूर नाही. फोनवर भाचीने शिकवलं होतं तसं, जसंच्या तसं. या वयात ती दार लावून तालीम करत होती, आणि मी बाहेर बसून डब्यांची चाकं पुसत होतो.

“असं नको गं. तुझं ते पहिलं बोल ना. पोरांचे हात धरा, ते.”

“नको हो. ते आपलं घरातलं बोलणं,” ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, अगदी मनापासून तिने विचारलं, “हे चांगलं झालंय ना? आता पाहुणे आले तर वाजवाल ना?”