कोकिळेचा कोपरा

उंद्रीच्या कोकिळेने बावीस वर्षं डोक्यावर विटा वाहिल्या. भिंतीत वीट लावली ती एकदाच. भगवानराव मिस्त्री जेवायला बसले होते. त्यांची थापी बाजूला पडली होती. तिने ती उचलली आणि दोन थर चढवले.

मिस्त्री हात धुऊन आले. भिंत सरळ आहे का हे पाहायला त्यांनी ओळंबासुद्धा सोडला नाही. ओल्या भिंतीला पाय लावला आणि ढकलली.

"बाईनं वीट द्याची," ते म्हणाले. "लावाची नाही."

पडलेल्या विटा तिनेच वेचल्या. सांडलेला सिमेंट-वाळूचा माल खरवडला. पुन्हा त्यांच्याच हातात एकेक वीट दिली.

रीतच तशी आहे. ट्रकमधून विटा उतरवायच्या, त्यांच्या थप्प्या लावायच्या, माल वर पोचवायचा, हे बायांचं. थापी पुरुषाची. कोकिळेने हे गिळलं होतं. पण यंदा तिचं स्वतःचं घरकुल मंजूर झालं, आणि तिने मिस्त्रींना सांगून टाकलं, "माह्या घराचा कोपरा मी उचलीन."

कोपरे आधी उभे करतात. मग दोन कोपऱ्यांना दोरी बांधून मधली भिंत भरतात. कोपरा हा मुख्य मिस्त्रीचा मान. भगवानराव इतके हसले की तोंडातला खर्रा सांडला. "तू कोपरा उचल, मी मालाची तगारी उचलतो," ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून सगळी टोळी तिला 'कोकिळा मिस्त्री' म्हणून चिडवू लागली.

श्रावणात कामं बंद असतात. दरवर्षी मिस्त्री टोळीला कुठेतरी फिरवून आणतात. या वर्षी त्यांच्या मुलीने, मयुरीने, समुद्राचा हट्ट धरला. मयुरी मराठीत बी.ए. झालेली. वयाने निम्मी, पण कोकिळेची मैत्रीण. गाडी करून नऊ जण कोकणात गेले आणि पावसात अडकले. दोन दिवस त्यांनी लॉजच्या खिडकीतून पागोळ्या पाहिल्या. समुद्र होता तिकडे नुसता पांढरा धूर.

तिसऱ्या दिवशी मयुरीला शाळेच्या सभागृहावरचा फलक दिसला. खेळण्यातल्या विटांपासून केलेल्या इमारतींचं प्रदर्शन.

"विटाच पाहाच्या व्हत्या तं इतक्या दूर काऊन आलो बे?" टोळीतला उत्तमराव म्हणाला. तरी सगळे गेले. आत निदान कोरडं होतं.

आत बोटाच्या पेराएवढ्या प्लॅस्टिकच्या विटा, वर बारीक बटणं असलेल्या, एकमेकींत घट्ट बसणाऱ्या. त्यांचं दीपगृह, त्यांचा किल्ला, त्यांचं रेल्वे स्टेशन. कोकिळा किल्ल्यापुढे थांबली. खाली वाकून तिने कोपरे पाहिले. प्रत्येक सांध्यावर वरची वीट आलेली होती.

"कोनं बांधला हा?" तिने विचारलं.

"मी," टेबलामागची बाई म्हणाली. केस पिकलेले, गळ्यात चष्मा. तिचं नाव मंजुश्री. "आठ महिने लागले."

"विटा कोनं देल्या?"

बाईला प्रश्न कळला नाही. "विटाही मीच घेतल्या, लावल्याही मीच."

कोकिळा पुन्हा किल्ल्याकडे वळली.

कडेला एक तक्ता होता, खाली स्प्रिंगा लावलेला. त्यावर वीतभर उंच भिंत बांधायची, मग मंजुश्रीबाई दांडा हलवणार. दहा आकडे मोजेपर्यंत टिकली की जिंकलात. टोळीने भगवानरावांना पुढे ढकललं. ते हसत हसत बसले. पाच मिनिटांत भिंत उभी. सुरेख, सरळ.

"तुम्ही मध्ये फटी का सोडल्यात?" मंजुश्रीबाईंनी विचारलं.

भगवानरावांनी पाहिलं. प्रत्येक दोन विटांमध्ये एका बटणाची फट होती. चाळीस वर्षांच्या हाताने मालासाठी जागा सोडली होती. इथे माल नव्हताच. वरच्या विटा कुठे कुठे एकाच बटणावर टेकल्या होत्या. बाईंनी दांडा हलवला. चारच्या आकड्याला भिंत गेली.

कोणी हसलं नाही. मग उत्तमराव म्हणाला, "आता कोकिळा मिस्त्री."

चिडवायला म्हणाला होता. ती जाऊन बसली.

तिने विटा घेतल्या त्या ट्रकमधून उतरवताना घेतात तशा, दोन्ही हातांत. खाली एक थर उभा लावला, त्यावर एक आडवा. पुन्हा उभा, पुन्हा आडवा. फट कुठेच नाही. बिनमालाच्या विटा पाऊसवाऱ्यात उभ्या ठेवणं, हे तिने बावीस वर्षं केलं होतं. बाईंनी दांडा हलवला. दहा झाले. वीस झाले. बाईंचा हात दुखला.

"हे भिंत नाही," भगवानराव म्हणाले. "थप्पी हाये."

"उभी हाये नं?"

"पोरायचा खेळ हाये हा."

"मंग तुमाले राग काऊन आला?"

आपल्या वडिलांशी असं कोणी बोललेलं मयुरीने ऐकलं नव्हतं.

"कोकिळे," मिस्त्री हळू आवाजात म्हणाले, "तुह्या घराच्या कोपऱ्याले हात लावशीन तं मी येनार नाही. टोळी येनार नाही. पुढं कामावरही बलावनार नाही. इचार कर."

बाहेर पावसाचा जोर वाढला होता. कोकिळेने तक्त्यावरची भिंत उचलली. अख्खी उचलली गेली. तिने ती मंजुश्रीबाईंच्या हातात ठेवली.

"केला," ती म्हणाली. "नका येऊ."

ते आले नाहीतच. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कोकिळेने पायावर पहिली वीट ठेवली, तेव्हा आळीतल्या बाया ओसरीवरून पाहत होत्या. थापी तिने खामगावच्या बाजारातून आणली होती, नवी, अजून हाताला टोचणारी. विटा द्यायला मयुरी आली. घरी काय सांगून आली, ते तिने सांगितलं नाही. संध्याकाळी तिची बोटं सोलली होती. कोकिळेने त्यांना खोबरेल लावलं आणि म्हणाली, "उद्या फडकं गुंडाळून ये."

आठ दिवसांनी भगवानराव मोटारसायकलवरून उतरले. खिशातून ओळंबा काढला आणि छातीएवढ्या कोपऱ्यावर सोडला. दोरी स्थिर होऊ दिली.

"सूतभर बाहेर हाये."

"दिसते मले."

"पाडा लागन."

कोकिळा कोपऱ्यापासून एक पाऊल मागे सरली. जागा मोकळी करून दिली.

"लावा पाय," ती म्हणाली. "आता ओला नाही."

भगवानरावांनी कोपऱ्याकडे पाहिलं. मग मुलीच्या फडकं गुंडाळलेल्या बोटांकडे पाहिलं. ओळंब्याची दोरी गुंडाळायला त्यांना फार वेळ लागला.

"असाच राहीन तो," कोकिळा म्हणाली. "सूतभर बाहेर. माहं घर हाये."

आणि तिने मागे न पाहता हात पुढे केला. मयुरीने वीट दिली.