शाली

रविवारी दुपारी मी एक अमेरिकन मालिका बघत होते. मोठ्या शहरात नोकऱ्या आणि प्रेमं सांभाळताना दमणाऱ्या, तरी खळखळून हसणाऱ्या कृष्णवर्णीय मैत्रिणींची गोष्ट. एक जण सोफ्यावर बसून, खाली बसलेल्या दुसरीच्या बारीक वेण्या घालत होती. सासूबाई शेजारी येऊन बसल्या. त्यांना इंग्रजी कळत नाही.

"भांडल्यात वाटतं," त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"केस बघ कशी ओढतेय! पण वेणी टाकून उठत नाहीये. मी आणि कुसुम अशाच होतो."

कुसुम ही त्यांची जुनी शेजारीण. ती मुलाकडे नाशिकला गेली आणि बोलणं सुटलं. मी नातेवाइकांकडून नंबर मिळवून फोन लावून दिला.

"ओळखेल का गं मला?" सासूबाईंनी पदर सारखा केला आणि फोनवर हॅलो म्हटलं.

पलीकडून खणखणीत आवाज आला, "शाले! अगं मेले, होतीस कुठे?"

घरात त्यांना कुणी आई म्हणतं, कुणी आजी. एवढ्या मोठ्या शहरात शाली म्हणणारं कुणी उरलंच नव्हतं.

"तूच कुठे उलथली होतीस, कुशे?" सासूबाई ओरडल्या, आणि गुडघेदुखी विसरून सोफ्यावर चक्क मांडी घालून बसल्या.