गाळलेली ओळ

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, शाळेतल्या मैत्रिणींना नाही. देवापुढं हात जोडतानासुद्धा हा विषय मी बेमालूम टाळते — देवाला तरी कुठं सगळं सांगतो आपण? तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि आता स्वतःचाच इतका संताप येतो की गप्प बसवत नाही.

मी मराठीची बाई. राहते भोरला, आणि वेल्ह्याकडच्या एका हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवते. कापूरहोळला एसटी बदलायची, हे वर्षानुवर्षं चाललंय. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे किती उपसले, देव जाणे. निबंध तपासणं म्हणजे काय असतं, ठाऊक आहे? प्रस्तावना, चार मुद्दे, दोन सुविचार, समारोप. हुंड्यावर द्या, जातीवर द्या, गडकोटांवर द्या — पोरं गाइडातलं तेच घोटून आणतात. 'हुंडा ही समाजाला लागलेली कीड आहे.' एका गठ्ठ्यात चाळीस किडी. मग मी वर्गात घसा फोडून सांगायची, अरे, स्वतःचं लिहा. घरात बघा, गावात बघा, दिसतं ते लिहा. खरं लिहिणाऱ्याला माझ्याकडं मार्क आहेत.

कुठल्या तोंडानं सांगत होते मी?

नववीची सहामाही होती. निबंधाचा विषय मीच काढला होता — 'मुलगा आणि मुलगी समान आहेत का?' सहामाहीचे पेपर आम्ही दिवाळीच्या सुट्टीत घरी नेऊन तपासतो. गठ्ठा फराळाच्या डब्यांशेजारी पडून राहिला आणि मी माहेरी गेले, सारोळ्याला. भाऊबीज झाली. दादानं ताटात साडी घातली आणि म्हणाला, "ऑफिस उघडलं की एकदा भोरला जाऊ. तेवढं हक्कसोडीचं उरकून टाकू."

हक्कसोड म्हणजे वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा बहिणीनं भावांच्या नावे सोडायचा, त्याचा कागद. आमच्याकडं चांगल्या बहिणी तो करतात. जी करत नाही तिला माहेर राहत नाही. आमचं शेत हायवेला लागून, पुण्याची माणसं गाड्या थांबवून भाव विचारणारी — हे काय मला कळत नव्हतं? सगळं कळत होतं. दादानं एका शब्दानं विचारलं नाही, "तुझं काय म्हणणं?" आणि मीही बोलले नाही. ऑफिस उघडलं तशी जाऊन सही केली. वर हसून म्हणाले, "मला काय करायचीय जमीन, मला भाऊ हवा." वहिनीनं डोळ्याला पदर लावला. सगळे मला किती चांगली म्हणाले.

घरी आले आणि त्याच संध्याकाळी गठ्ठा सोडला. सातवा की आठवा पेपर कोमलचा.

कोमल पालीकडची, शेतकऱ्याची पोर. तिसऱ्या बाकावर बसायची, विचारल्याशिवाय बोलायची नाही. तिच्या निबंधाला प्रस्तावनाच नव्हती. पहिलंच वाक्य — 'माझ्या आईनं मामांना जमीन लिहून दिली त्या दिवशी मी तिच्यासोबत होते.' पुढं सगळं लिहिलं होतं. आई सकाळपासून जेवली नव्हती. आईला वाचता येतं, तरी मामांनी कागद वाचू दिला नाही, नुसतं बोट ठेवून जागा दाखवली. परत येताना जीपमध्ये आईनं नव्या साडीची पिशवी पायाशी ठेवली आणि म्हणाली, मी रडले हे बाबांना सांगू नको. अहो, एवढ्या वर्षांत असा निबंध माझ्या हाताखालून गेला नव्हता. आणि शेवटची ओळ होती — 'आमच्या बाई शिकलेल्या आहेत. त्या अशी सही कधीच करणार नाहीत.'

तुम्हाला वाटेल, मला रडू आलं असेल. छे. मला राग आला. पोरीचा. दादाचा येता तर समजू शकले असते. स्वतःचा येता तर बरंच होतं. पण नाही — चौदा वर्षांच्या पोरीचा आला. एवढीशी कार्टी, ही मला जोखणार? दहापैकी दोन मार्क दिले. खाली लाल शाईनं शेरा ओढला — 'विषयांतर. घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर मांडू नयेत.' 'चव्हाट्यावर' हा शब्द दोनदा अधोरेखित केला. अक्षर अगदी सुरेख आलं होतं.

इथवरच असतं तरी मी कदाचित जिरवलं असतं. पण सुट्टीनंतर पेपर वाटताना मी तिला उभं केलं, आणि निबंध कसा लिहू नये याचा नमुना म्हणून तो अख्खा वर्गात वाचला. मामांच्या जागी आवाज काढून वाचला, म्हणजे पोरं हसतील. पोरं हसली. फक्त शेवटची ओळ वाचली नाही. तिथं आले आणि पेपर घडी घालून टेबलावर ठेवला.

त्याच वर्गात तिचा मामेभाऊ होता. हे मला माहीत नव्हतं, असं म्हणू का? म्हणता येईल. पण खोटं आहे. माहीत होतं.

आठ दिवसांनी तिची आई शाळेत आली. व्हरांड्यात उभी राहिली, आत या म्हटलं तरी येईना. म्हणाली, "बाई, पोरीचं चुकलं. पुन्यांदा न्हाई लिवायची ती असं. भाऊ लई रागावल्यात. म्हनत्यात, आता आमच्या दारात येऊ नगं."

कळलं ना तुम्हाला? ज्या माहेरासाठी त्या बाईनं जमीन सोडली, ते माहेर मी घालवलं. एका तासिकेत. आणि काय म्हणाले मी तिला? "असू दे हो, लहान आहे." मोठ्या मनानं माफ केलं. ती माझ्या पाया पडली, आणि मी पडू दिलं.

दहावीच्या पूर्वपरीक्षेत कोमलनं 'मामाचा गाव' हा निबंध लिहिला. आंबे, विहीर, मामीच्या हातची पुरणपोळी, मामांच्या मायेचा न आटणारा झरा. वर्षभर तिला मामाचं दार दिसलं नव्हतं. मी नऊ मार्क दिले. हायसं वाटलं. चाळीस किडींत अजून एक भर पडली, आणि ती मी स्वतः घातली.

मीही बाईच, मीही सही दिलेली, माझंही दुःख होतंच की — हे पालुपद मी मनातल्या मनात पुष्कळ आळवलंय. मला त्याची शिसारी आली आहे. दुःख होतं तर दादाशी भांडायचं होतं. पोर सापडली तावडीत, म्हणून पोरीवर हात साफ केला.

यंदा कोमलचे वडील गेले. तिचं लग्न होऊन चारेक वर्षं झालीत. तिचा धाकटा भाऊ, तोही माझाच विद्यार्थी, घरी आला. "बाई, ताईचं हक्कसोडीचं करायचंय. तुमी साक्षीदार म्हनून या. तुमची सही असली की गावात कोन बोलनार न्हाई." नाही म्हणता आलं असतं. तिला फोन करून, बाई गं, नको करूस, एवढं म्हणता आलं असतं. मी साडी इस्त्री करून ठेवली.

कचेरीबाहेरच्या बाकावर ती माझ्याशेजारी बसली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बाई, तवा वर्गात तुमी माझा निबंध वाचला. शेवटची ओळ का वाचली नव्हती?"

"कुठला निबंध गं?" मी म्हणाले. "आता काही आठवत नाही बघ."

ती माझ्याकडं बघत राहिली. "व्हय," म्हणाली, "लई वर्सं झाली." आणि भावानं हाक मारली तशी उठून आत गेली.

आत आधी तिचा फोटो निघाला, अंगठा झाला, सही झाली. मग कागद माझ्यापुढं आला. मी चष्मा लावला, साक्षीदार लिहिलं होतं तिथं पूर्ण नाव लिहिलं, आणि कुणी सांगितलं नसताना नावाखाली हुद्दाही लिहिला — शिक्षिका.