उलट्या चिरा

माझी मोठी मावशी डावखुरी. बाजारात ती मासे विकते, आणि तिने साफ केलेला बांगडा शंभरात ओळखू येतो, कारण तिच्या चिरा इतरांच्या उलट्या बाजूला तिरक्या पडतात.

मागच्या वर्षी काकांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, छातीत दुखलं. डॉक्टर म्हणाले, कोलेस्टेरॉल फार वाढलंय. तळलेलं, लोणी, चरबीचं मटण बंद. मासे मात्र खा, त्यांतली चरबी हृदयाला चांगली, पण उकडून. मावशीला आभाळ ठेंगणं झालं. "म्हणजे औषध माझ्याच टोपलीत की!" रोज सकाळी गिऱ्हाइकं यायच्या आत ती दोन उत्तम बांगडे साफ करून ठेवायची. कुणी मागितलेच, तर त्याची खैर नसे. काका डबा न्यायला यायचे. दुपारी मीच उकडून घेतो, म्हणायचे. त्यांना मोह नको म्हणून तिने स्वतःही तळलेलं सोडलं.

सहा महिन्यांनी रिपोर्ट आला. आकडा आणखी वर. मावशीने लॅबवाल्याला फैलावर घेतलं, "रक्त दुसऱ्याच कुणाचं असेल! आमचे हे पथ्य मोडायचे नाहीत." पण भीतीने तिचं धंद्यात लक्ष लागेना. टोपली शेजारणीवर सोपवून भर दुपारी ती धाकट्या बहिणीकडे, म्हणजे आमच्याकडे, मन मोकळं करायला आली.

आईच्या कढईत दोन बांगडे तळत होते. टेबलाशी काका, शेजारी रात्रपाळीहून परतलेली मी. मावशीने कढईत पाहिलं. चिरा तिच्याच होत्या.

"ताई, इतक्या आशेने मागतात गं, नाही म्हणवत नाही," आई पुटपुटली. काकांनी मान वर केली नाही.

"तिकडे माझा जीव टांगणीला, आणि इकडे तुमच्या मेजवान्या!" मावशीने गॅस बंद केला. मग माझ्याकडे वळून हळू विचारलं, "तुलाही माहीत होतं?"

माहीत होतं. मला शेपटीकडचा कुरकुरीत तुकडा मिळायचा, तेवढ्यावर मी गप्प होते. अजून स्वतःची लाज वाटते.

मावशी आता आमच्याकडे येत नाही. ऐन धंद्याच्या वेळी घरी जाते, बांगडे उकडते आणि काकांचं ताट रिकामं होईपर्यंत समोर बसते. परवा नवा रिपोर्ट आला. आकडा उतरला होता. काकांनी हौसेने कागद पुढे केला. मावशीने तो वाचला, घडी घातली आणि खरा आहे ना, हे विचारायला लॅबमध्ये गेली.